बरणीतला समुद्र

मी एका खेकड्याला मीठ घालून घालून मारलं. मुद्दाम नव्हे. मुद्दाम मारलं असतं तर निदान त्याचं कालवण तरी झालं असतं.

नवी नवी मास्तरीण झाले होते तेव्हा. नोकरी करता करता ज्या अध्यापिका विद्यालयात शिकायला जात होते, त्याची सहल कोकणात गेली होती. तिथून मी लोणच्याच्या बरणीत समुद्राचं पाणी आणि शंखात राहणारा एक बारका खेकडा घेऊन घाटंजीला आले. गावात समुद्र पाहिलेली बाई मी एकटीच, असा माझा समज होता आणि मी तशी वागतही होते. नुसतं 'समुद्र' म्हणणं मला गावंढळ वाटे. मी 'सागर' म्हणे. बरणी वर्गाच्या खिडकीत ठेवली आणि पोरांना सांगितलं, "हा सागर."

पुढे चैत्र लागला. आमचं ऊन तुम्ही पाहिलं नसेल तर एवढंच सांगते, की त्या दिवसांत वाघाडी नदीत पोरं क्रिकेट खेळतात. बरणीतलं पाणी रोज बोटभर खाली जाऊ लागलं. मी रोज विहिरीचं पाणी घेई, त्यात मूठभर मीठ विरघळवी आणि बरणी पुन्हा काठोकाठ भरी. सागर खारट, म्हणून भर घालायची तीही खारटच. माझं डोकं तेव्हा असं सरळ रेषेत चालायचं.

सासूबाई एकदा डबा द्यायला शाळेत आल्या आणि दारात उभ्या राहून बघत राहिल्या. म्हणाल्या, "कढी खारट झाली तं तू पाणी घालतं. मंग याच्यात मीठ काहून घालून राह्यली वं?"

मी म्हटलं, "आई, हे विज्ञान आहे."

दोन दिवसांनी खेकडा शंखातून बाहेर आला आणि बरणीच्या तळाशी उघडावाघडा पडून राहिला. पोरांना मी सांगितलं, तो अंघोळीला उतरला आहे. त्याची अंघोळ काही संपली नाही. उन्हानं उडतं ते पाणी, मीठ मागंच राहतं, हे तिसरीच्या पुस्तकात छापलेलं होतं. आणि तिसरी मीच शिकवत होते.

ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की माझा मुलगा विलास लहानपणी जेवताना मीठ मागायचा तेव्हा आधी माझ्याकडे बघून हसायचा.

तोच विलास पुढे हसायचा थांबला. ती कापसाची वाईट वर्षं होती. पहाटे पाठीवर पंप घेऊन वावरात जायचा, फवारून यायचा, आणि आठ दिवसांनी बोंड फोडून पाहावं तर आत अळी निवांत बसलेली. पाऊस नको तेव्हा येई, भाव हवा तेव्हा पडे. त्याचे वडील गेले होते, वावर माझ्या नावावर झालं होतं, पण राबणारा तोच. एका हंगामानंतर त्यानं पंप गोठ्यात टांगला आणि ओळखीच्या एका माणसाबरोबर कोकणात गेला. तिथं खाडीकाठी कोळंबीची तळी होती. त्यांवर देखरेखीला माणूस हवा होता.

वर्षभरानं चौकातल्या एसटीडीवर त्याचा फोन आला. "आई, आपलं वावर विकून टाकू. अण्णा मले दोन तळ्यात भागी द्याले तयार हायेत. तू सही कर."

अण्णा म्हणजे तळ्यांचे मालक. मी म्हटलं, "लेका, ज्यात माझं वावर बुडवायचं ते पाणी मी आधी डोळ्यानं पाहीन. मगच सही."

निघताना सून रेखा माझी पिशवी भरत होती. ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, उन्हात वाळवलेल्या मुगवड्या. भाकरी ज्या डब्यात घातल्या तो स्टीलचा डबा मला शाळेनं निवृत्त होताना दिलेला. झाकणावर 'सप्रेम भेट' कोरलेलं. डबा पिशवीत ठेवताना रेखा म्हणाली, "आई, सही करा का नोका करू, ते तुमचं तुम्ही पाहा. पण त्याइले घरी घेऊन या."

चिखल

एसटीनं हाडं खिळखिळी झाली, चटणीची पुरचुंडी फुटून अर्धी पिशवी जवसाची झाली. प्रवासाचं एवढंच पुरे.

मला वाटलं होतं लाटा दिसतील. विलासनं मला तळ्यावरच्या खोलीत नेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बघते तर समोर नुसता चिखल. करडा, चकचकीत, क्षितिजापर्यंत. धरण आटल्यावर तळ दिसतो तसा. "समुद्र कुठं गेला?" म्हटलं. विलास खाद्याची घमेली उचलता उचलता म्हणाला, "बाहेर गेला हाये. येते दुपारी."

तीस वर्षं मी पोरांना भरती-ओहोटी शिकवली. एक चेंडू पृथ्वी, एक लिंबू चंद्र, आणि फळ्यावर दोन बाण. समुद्र असा घर सोडून निघून जातो आणि मागे सगळा संसार उघडा टाकतो, हे लिंबावरून काही मला कळलेलं नव्हतं.

विलास तळ्यांकडे गेला तशी मी चिखलात उतरले. वय काय, गुडघे काय, याचा विचार माझ्या स्वभावात नाही. चार पावलं नीट गेली. पाचव्याला उजवा पाय पोटरीपर्यंत आत, तो काढायला गेले तर डावा गुडघ्यापर्यंत.

"हलू नको, बाय! हललीस तर आणखी जाशील!"

एक बाई कमरेला टोपली बांधून, काष्टा घालून, त्या चिखलावरून रस्त्यावरून यावी तशी आली.

मी म्हटलं, "मी नाही हलत. तुमचा समुद्रच हलतोय."

"ह्यो समुद्र नाय, खाडी. समुद्र तिकडं, भायर." तिनं माझ्या काखेत हात घातले. "वजन हाय गो तुजं!"

मी बाहेर आले, चप्पल आत राहिली. तिनं हात घालून चाचपलं आणि सोडून दिलं. "गेली. खाडीला दिलीस. आता खाडी तुला काय तरी देईल."

ती पारू. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल, पण पहिल्या वाक्यापासून मला 'तू' म्हणायला लागली. घाटंजीत मला माझा धाकटा दीरसुद्धा 'बाई' म्हणतो. मला गंमत वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

ती तिसऱ्या काढायला आली होती. तिसऱ्या म्हणजे बोटाच्या पेराएवढे शिंपले, दोन झाकणांचे. ओल्या चिखलात सुईनं टोचल्यासारखी दोन दोन भोकं दिसतात. तिथं बोट घातलं की आत तिसरी. एका भोकातून पाणी आत घ्यायचं, त्यातलं बारीक खाणं ठेवून घ्यायचं, उरलेलं दुसऱ्यातून बाहेर. पोट भरता भरता ती खाडीचं पाणी गाळत असते. मला ते शाळेच्या भाषेत माहीत होतं. पारू म्हणाली, "ती पानी पिते नि पानी सोडते. आमी तेवडंच बगतो."

मी तिच्या मागे मागे, ती सांगेल तिथंच पाय ठेवत फिरले. तुम्ही गेला नाहीत म्हणून सांगते: तो चिखल रिकामा नाही. निवटी नावाचा मासा तिथं चक्क चिखलावर बसतो, परांवर रेलून, डोळे डोक्यावर काढून, आमच्या चौकात रिकामे म्हातारे बसतात तसा. एक नांगी मोठी नि एक लहान असे खेकडे मोठी नांगी हलवून सारखं 'या, या' करतात आणि गेलं की बिळात पळतात. पाहुणचाराची ही पद्धत मला घाटंजीतल्या दोन-तीन घरांत माहीत आहे. काठाला तिवराची झाडं. त्यांची मुळं जमिनीतून वर बोटं काढून श्वास घेतात, कारण त्या चिखलात हवा नसते. त्या मुळांच्या जाळ्यात मासळीची पिल्लं वाढतात, मोठी होतात आणि मग समुद्राला जातात.

"अर्दी तिवरं तुज्या पोराच्या तळ्याखाली गेली," पारू म्हणाली. रागानं नाही. आमच्याकडे 'यंदा विहीर लवकर आटली' म्हणतात तसं.

पावसात या खाडीत डोंगराचं गोडं पाणी उतरतं, उन्हाळ्यात समुद्राचं खारं वर चढतं. तिसरी दोन्ही सोसते, फक्त बदल सावकाश यायला हवा. एकदम काही आलं तर ती तोंड मिटून बसते. पण मिटून तरी किती बसणार? कधी ना कधी पाणी घ्यावंच लागतं.

माझा भाकरीचा डबा रिकामा झाला होता. पारूनं तो तिसऱ्यांनी भरला. मी खोलीवर त्यांचं काय करायचं म्हणून बघत बसले. माझं माहेर बोरी अरबचं, नदीचे मासे खाल्लेले, पण ही दगडांची भाजी कोण खाणार? शेवटी पारूच आली, नारळ घालून, कोकम टाकून कालवण केलं आणि शिंपलाच चमचा म्हणून हातात दिला. विलासनं आणि मी पातेलं निपटलं. मी एकेक रिकामा शिंपला मिटवून बाजूला ठेवत होते, तर पारू म्हणाली, "ती परत घरात जायची नाय गो. खा."

दुसऱ्या दिवशी डबा घासून, उरलेली जवसाची चटणी घालून मी तिच्या घरी गेले. तिनं झाकण उघडून वास घेतला, चाटली, डोळ्यांत पाणी आणलं.

"रिकामा आनलास तरी चाललं असतं."

"आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत."

"आमच्यात पन नाय," पारू म्हणाली. झालं, कोकण आणि वऱ्हाड यांच्यात एवढा एक करार निघाला. त्यानंतर डबा रोज फिरत राहिला. तिकडून तिसऱ्या, कधी वाळवलेला जवळा. इकडून मुगवड्या, एकदा मी केलेला झुणका. झुणका तिला आवडला नाही आणि तिनं तसं तोंडावर सांगितलं.

तळं

विलासनं मला बांधावरून सगळं दाखवलं. दोन तळी, एकमेकांना लागून, मध्ये मातीचा बांध. खाडीच्या बाजूला लाकडी फळ्यांची दारं, त्यांना तिथं उघाडी म्हणतात. फळ्या उचलल्या की भरतीला पाणी आत, ओहोटीला बाहेर. पाण्यात चक्रं फिरत होती, पाण्यात हवा मिसळायला.

"कोळंबीच्या पिल्लाइलेही आपण बी म्हणतो," तो म्हणाला. "पिशवीत येते. पिशवीत पाणी अन् हवा भरलेली, अन् आत डोळे. नुसते डोळे, आई. बाकी सगळं काचेसारखं."

दोरीला बांधलेलं एक जाळीचं ताट त्यानं पाण्यातून वर ओढलं. खाद्याभोवती आठ-दहा कोळंब्या उड्या मारत होत्या. त्यांची पोटं भरलेली दिसत होती, पाठीवरून काळी रेघ जावी तशी.

"कपाशीले जीव लावला तं अळी खाते. या पोट्ट्याइले जीव लावला तं ताटात येऊन बसते." आणि तो हसला.

मी त्याला किती दिवसांनी हसताना पाहिलं, हे मला त्याच क्षणी कळलं. गोठ्यात टांगलेला पंप आठवला. त्याचं न बोलता जेवणं आठवलं. मी मनात म्हटलं, मरो ते वावर. ज्या मातीनं माझ्या पोराचं हसू नेलं ती ठेवून मी काय करू?

"सोमवारी तालुक्याला जाऊ," मी म्हटलं. "मुखत्यारपत्रावर सही करते."

संध्याकाळी मी बाजेवर बसले होते तर येऊन माझे पाय चेपायला लागला. लहानपणी मार चुकवायचा असला की चेपायचा, तसे नव्हे.

आता पुढचं. त्याच दिवशी बांधावरून परत येताना माझं लक्ष पाण्याच्या काठाकडे गेलं. मातीवर पांढऱ्या रेघा होत्या, एकाखाली एक, पाणी उतरत गेलं तशा. मी बोटानं खरवडून चाटलं. माझ्या जिभेनं ती चव लगेच ओळखली. वर्गातली खिडकी, चैत्रातलं ऊन आणि बरणीच्या काचेवर धरलेली पांढरी साय.

"विलास, पाणी कमी झालं की काय करता?"

"खाडीचं ओढतो पंपानं."

"ते तर खारं."

"मंग?"

"अरे, ऊन पाणी नेते. मीठ मागं राहते. तू वरून आणखी खारं घालून राह्यला." मीही वऱ्हाडीवर आले. "गोडं पाणी टाक याच्यात."

त्याला ठाऊक होतं. नळीसारखं एक यंत्र डोळ्याला लावून तो रोज खारटपणा बघत असे, आणि आकडा रोज वर जात होता. ते त्यानं मला सांगितलं नव्हतं, एवढंच.

"गोडं कुठून आणू? अण्णांनी बोअर मारली, तीही खारट लागली. गावातल्या विहिरी मागच्या वर्षीच मचूळ झाल्या. पारूबाईच्या वाडीत टँकर येते, पाहलं नाही तू?"

पाहिलं होतं. हंड्यांची रांगही पाहिली होती. पण आमच्याकडेही उन्हाळ्यात रांग असतेच, म्हणून त्यात मला नवल वाटलं नव्हतं. विहिरी मचूळ कशानं झाल्या हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही. तळ्यातलं खारं पाणी दिवसरात्र जमिनीत मुरत होतं, आणि त्या पाण्याच्या कडेला मी मुगवड्या तळत होते.

"जीव गुदमरेल त्यांचा," मी म्हटलं.

"आई," तो थोडं हसून म्हणाला, "तू एका खेकड्यावरून सांगून राह्यली."

खेकडा खरंच एकच होता.

मळभ

रविवारी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही. ऊन नाही म्हणून मला बरं वाटलं. मी विलासला म्हटलं, चला, आज तुझ्या पोट्ट्यांना गारवा. त्याचा चेहरा उतरलेला होता.

तळ्यातलं पाणी आदल्या दिवसापर्यंत हिरवं होतं. तो हिरवेपणा म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बारीक वनस्पती. ती उन्हात हवा सोडते, आणि ऊन नसलं की उलट स्वतःच हवा ओढून घेते. त्या दिवशी पाणी हिरव्याचं तपकिरी झालं. वनस्पती मेली, तळाशी बसली, सडायला लागली. चक्रं फिरत होती, पण चमच्यानं विहीर भरावी तसं ते.

सोमवारी पहाट फुटता फुटता मी बांधावर गेले. काठानं सगळीकडून कोळंब्या वर आल्या होत्या. पाण्याच्या वर तोंडं, मिशा हलताहेत, उडी नाही, पळणं नाही. बगळे ओळीनं उभे होते आणि त्यांना मानही लांब करावी लागत नव्हती. विलास छातीभर पाण्यात उभा होता. त्यानं एक उचलून माझ्या हातात दिली. तिच्या डोक्यावरच्या कवचात पांढरे ठिपके होते, मिठाचे दाणे चिकटावेत तसे.

"रोग हाये," तो म्हणाला. "हे तळं गेलं."

नीट पाणी, नीट हवा असती तर रोग कदाचित अंगावर निघाला नसता. बोंडअळीबद्दलही आम्ही असंच म्हणायचो.

मग जे झालं ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. रोग दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून मेलेल्या तळ्यात पोत्यांनी ब्लीचिंग पावडर ओतली. ती ओतली की पाणी काही दिवस तसंच कोंडून ठेवायचं, तिचा जोर मरू द्यायचा, मगच बाहेर सोडायचं. हा नियम विलासनंच मला आधी सांगितला होता, मोठ्या अभिमानानं. पण मधला बांध झिरपत होता, कोंडलेलं पाणी पलीकडं जात होतं. दुसरं तळं अजून जिवंत होतं. ज्या दोनांत त्याची भागी होणार होती, त्यांतलं उरलेलं एक.

दुपारी ओहोटी लागली. विलास उघाडीपाशी गेला आणि फळीला हात घातला.

मी तिथंच होते. म्हटलं, "ओहोटीबरोबर समुद्रात जाईल ना?"

"जाते," तो म्हणाला.

जाताना कुठून जाते, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. त्या चिखलातली पाऊल ठेवायची जागा न् जागा पारूनं मला दाखवली होती. 'थांब, तिला सांगून येते', एवढं म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या मनात तेव्हा एकच होतं, दुसरं तळं जगलं तर माझं पोरगं जगलं. त्यानं फळी उचलली. पाणी पांढरट होतं, फेसाळत गेलं, शाळेत नव्यानं चुना दिला की यायचा तसा वास. मी नाकाला पदर लावला आणि बघत राहिले. तीस वर्षं चेंडू नि लिंबू फिरवलं, आणि आता खरी ओहोटी समोर होती, तर मास्तरणीच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी गेल्यावर चिखल बोलत होता. खरंच, तसा आवाज येत होता, बारीक बारीक, टिचक्या वाजाव्यात तसा. तिसऱ्या तोंड उघडून वर आल्या होत्या, आतलं मांस पिवळट, उन्हात कवचं तडकत होती. निवट्या उताण्या. 'या, या' करणारे खेकडे बिळांच्या तोंडाशी, नांगी पुढं पसरून. वाडीतल्या बायका काठावर आल्या आणि खाली उतरल्याच नाहीत. पारू एकटी उतरली. टोपली न घेता. एक तिसरी उचलायची, बघायची, टाकायची. दुसरी उचलायची. मी बांधावरून पाहत होते. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

माझा डबा तेव्हा तिच्याच घरी होता. आदल्या आठवड्यातल्या मुगवड्या घालून मी नेऊन दिलेला.

दोन दिवसांनी दुसरं तळंही पांढरं पडलं. कशासाठी केलं ते सगळं, तेही गेलं.

त्या संध्याकाळी विलास बांधावर बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले. "चल घरी," म्हटलं.

"तळं सुकवू. चुना मारू. पावसानंतर पाणी गोडं होईन, तवा बी सोडू," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "पुढच्या मोसमात होते, आई."

हे वाक्य मी ओळखत होते. आमच्या गावात ते दर वर्षी पेरणीच्या आधी ओट्याओट्यावर ऐकू येतं. 'यंदा नाही तं पुढच्या साली.' फक्त ते इतक्या दूर, खाऱ्या पाण्याच्या काठी, माझ्याच पोराच्या तोंडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

"मी सही करत नाही," मी म्हटलं.

"नोको करू. पण वावरात तरी काय ठेवलं हाये, ते सांग."

बगळे उडून गेले होते. मी उठले आणि पिशवी भरायला खोलीकडे गेले.

घरी

घाटंजीला उतरले तर रेखा एसटी स्टँडवर आली होती. गाडी रिकामी होईपर्यंत ती माझ्या पाठीमागे, दाराकडे बघत राहिली. मग कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

वाटेत मी तिला म्हटलं, "तो येईल. पावसानंतर बघू म्हणाला."

"बरं," ती म्हणाली. घर दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "वावर?"

"आहे."

पाऊस दाराशी आला होता. दोघींनी मजूर लावून त्याच वावरात पुन्हा सरकी टोबली. दुसरं काय लावायचं, ते मला येत नाही, तिलाही येत नाही. गोठ्यातला पंप तिनं उतरवला, धुतला. विलासचा फोन येतो, अजून तळं सुकतंय म्हणतो. पोरांना मी शिकवलं होतं की समुद्र अथांग आहे, तो सगळं पोटात घेतो. ती पोरं आता चाळिशीला आली. एकेकाला गाठून सांगावं वाटतं, की नाही घेत रे. पण कोण ऐकून घेतो, आणि बाईंचं खरं कुठलं धरायचं?

त्या दिवशी स्टँडवरून घरी पोचल्यावर रेखानं पिशवी रिकामी केली. डबा हातात घेतला, हलका लागला म्हणून झाकण उघडून पाहिलं. आमच्या घरात आजवर डबा तसा आलेला नव्हता.

"आई, हा रिकामा कसा?"

मी तिला सांगितलं. मी तिठ्यावर एसटीची वाट बघत उभी होते, पायात नव्या चपला. विलास मला तिठ्यापर्यंत सोडून तळ्यावर परत गेला होता. गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा पारू वाडीच्या बाजूनं आली. मी म्हटलं, पारू, माझं चुकलं, मी तिथं उभी होते. तिनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. डबा पदरानं पुसलेला होता, आरशासारखा. 'सप्रेम भेट' वरच्या बाजूला. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी घेतला. गाडी थांबली होती, कंडक्टर घाई करत होता, मी एक पाय पायरीवर ठेवला होता, तेव्हा ती बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे देते, कारण ज्याच्यासाठी होते त्याला ते मी अजून सांगितलेले नाहीत:

"बाय, आमच्यात रिकामा डबा कुनाच्या हातात देत नाय. आज देतंय. तुमच्या पोराला दाखवा."